चौसष्टावं नाव

ब्रेशा,
मंगळवार, ९ नोव्हेंबर २००४

प्रिय ओर्सोला,

अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी बरा आहे. लिदियाचा रक्तदाब ताळ्यावर आहे, जीभ मात्र नाही. "झालं का पत्र?" म्हणून सकाळपासून तीनदा डोकावून गेली. पत्र तुला आहे एवढं तिला ठाऊक आहे, आत काय आहे ते नाही.

तू पाठवलेले चेस्टनट नीवेसने आणून दिले. तेवीस वर्षांत तुझ्या घरून आमच्याकडे आलेली ही पहिली वस्तू. लिदियाने लगेच भाजायला घेतले, मी म्हटलं थांब जरा. अजून टोपलीतच आहेत.

तुझा निरोपही पोचला. बोर्तोलोला जाऊन महिना होईल त्या दिवशीच्या प्रार्थनेचं पत्रक छापायला जायचंय आणि घरच्यांच्या नावांत या वेळी माझंही नाव घालायचंय. नावामागे 'इंजिनियर' लावायचं की सरकारी किताब, एवढं मामाला विचार, असं तू पोरीला सांगितलंस. खरं तर एका शब्दाचं उत्तर. पण मी गेले पाच दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतोय आणि उठतोय.

तो गेल्याचं पहिलं पत्रक मी औषधांच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर वाचलं. मला कुणी फोन केला नव्हता. दात दाखवायला तुमच्या गावी वर आलो होतो, तर भिंतीवर बोर्तोलो, तळ्याकाठचा, टोपीतला फोटो. पत्नी, मुलगी, जावई, दोन बहिणी. मी नावं दोनदा वाचली. दुकानदार काउंटरमागून बघत होता, माझी नजर वळल्यावर आत गेला. प्रेतयात्रेला मी आलो होतो, ते तू पाहिलंस की नाही मला कळलं नाही. चर्चच्या दाराशी, तीर्थाच्या भांड्याजवळ उभा होतो. दफनभूमीपर्यंत यायची हिंमत झाली नाही.

आता मुद्द्यावर येतो. मी मीटिंगमध्ये असं म्हणालो की लोक समजायचे, अजून अर्धा तास आहे. तसंच होणार आहे, सांभाळून घे.

माझी नोकरी तुला तोंडपाठ आहे. बाबा भट्टीवर होते, मी कारखान्याच्या नकाशे काढायच्या टेबलावर लागलो. थोरल्या मालकांना माझी रेघ आवडली आणि त्यांनी मला मिलानला शिकायला धाडलं. मी गेलो त्या दिवशी स्टेशनवर तूच रडली होतीस, आई नाही. परत आलो ते इंजिनियर होऊन. एका दांड्याचा नळ काढला, जर्मनीतल्या हॉटेलांनी तो उचलला, पुढच्या वर्षी नवीन शेड उभी राहिली. त्या शेडमध्ये बोर्तोलोला मीच लावला, चाचणीच्या बाकावर. तयार नळ बंद करून पाण्यात बुडवायचा, आतून हवा सोडायची आणि बुडबुडा येतो का बघायचं. बाकीचे बुडबुड्याकडे बघत बसायचे. हा नळाच्या तोंडावर अंगठा धरून बुडबुडा यायच्या आधीच नळ बाजूला काढायचा. पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम त्याच्या बाकाशी नेत असे आणि हा माझा मेहुणा असंही सांगत असे. मला त्याचा अभिमान होता. हे त्याला कधी सांगितलं नाही.

मग एक्याऐंशी साल आलं. गोदामात माल पडून, मालकांचा जीव टांगणीला. माणसं कमी करायची ठरली. शुक्रवारी फाटकाच्या फलकावर यादी लागली, कामगारांच्या मृत्यूची पत्रकं लावतात त्याच फलकावर. तिच्यात बोर्तोलोचं नाव होतं. रविवारी मी तुझ्याकडे जेवायला आलो. मक्याचा पोलेंटा आणि ससा होता. बोर्तोलो खाली मान घालून जेवत होता. तू विचारलंस, यादी कुणी केली? मी म्हणालो, मिलानच्या सल्लागारांनी. तू विचारलंस, मग तू एक शब्दही टाकला नाहीस? मी म्हणालो, नियमात बसत नव्हतं. तू डाव खाली ठेवलास. भाऊ साहेब झाला आणि घरच्या माणसासाठी त्याला तोंड उघडता येईना, असं म्हणालीस. त्यानंतर तू मला जेवायला बोलावलं नाहीस. मी भित्रा निघालो, हे तू मनात धरलंस आणि तेवीस वर्षं धरून ठेवलंस.

आता तीन आठवड्यांपूर्वी तो गेला आणि तुला वाटलं असेल, सोडून द्यावं. भित्रेपणाला माफी असते. म्हणूनच हे लिहायला बसलोय. तू एका गोष्टीची माफी देते आहेस आणि मी केलेली गोष्ट वेगळी आहे.

मिलानच्या सल्लागारांनी यादी केली हे खरं आहे. वय आणि नोकरीची वर्षं बघून त्यांनी नावं काढली होती. ती त्रेसष्ट होती. मालकांना त्रेसष्टच हवी होती, युनियनला आकडा तोच कळवला होता. त्यात बोर्तोलो नव्हता. तो कुठल्याच नियमात बसत नव्हता.

ते नाव मी घातलं. टाइप करायला ऑफिसातल्या टायपिस्टकडेही दिलं नाही, दार लावून स्वतः केलं. आपल्या खोऱ्यातली गावं तुला माहीत आहेत. फाटकातून आत येणारा प्रत्येक जण कुणाचा तरी साडू, कुणाचा तरी मामेभाऊ. माझ्या केबिनबाहेर आधीच रांग लागली होती, माझ्या भावाचं बघा, माझ्या जावयाचं बघा. मी विचार केला, पहिलंच नाव माझ्या घरचं असलं तर दुसऱ्याचं तोंड उघडणार नाही. आडनावांच्या क्रमाने तुमचा झुबानी झेडमुळे सगळ्यात शेवटी यायचा. मी तो पहिल्या ओळीत लिहिला.

आणि तसंच झालं. फलकापुढे सगळे गप्प उभे राहिले. ना संप, ना दगडफेक. रांग मोडली. थोरल्या मालकांनी मला घरी बोलावून खांद्यावर हात ठेवला, असा माणूस मी पाहिला नाही म्हणाले. चार महिन्यांनी मी कारखान्याचा मुख्य झालो. पुढे किताब मिळाला, रोमला जाऊन घेतला. फोटो दिवाणखान्यात आहे, तू तो कधी पाहिला नाहीस. या सगळ्याच्या तळाशी ती पहिली ओळ आहे. तेव्हा मी स्वतःला सांगत होतो, हा प्रामाणिकपणा आहे, मी माझ्या माणसालाही सोडत नाही. पण ओर्सोला, त्रेसष्ट घरांनी माझ्या दारावर येऊ नये म्हणून मी तुझं घर आडवं घातलं होतं. मला त्याची लाज वाटते. रोज वाटत नाही, खोटं कशाला बोलू? वाटते तेव्हा मात्र जेवण जात नाही.

अजून एक गोष्ट राहिली आहे, आणि ती मला सर्वांत जड जाते.

बोर्तोलोला हे माहीत होतं. नव्वद सालच्या मार्चमध्ये आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. आपल्याच कारखान्याचा, हसू नकोस. लिदियाने मला न विचारता त्याला बोलावलं, तेव्हा तो घरोघर नळ दुरुस्त करत फिरायचा ना. ती त्याला नळ दाखवून बाजारात गेली. त्याने वायसर बदललं, मी कॉफी केली. नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण प्यायला. कप खाली ठेवून म्हणाला, "फौस्तीनो, युनियनच्या कागदावर त्रेसष्ट होते. फलकावर मी चौसष्ट मोजले. आणि आमचं आडनाव शाळेच्या हजेरीतसुद्धा शेवटचं. तुझ्या यादीत ते पहिलं कसं आलं?"

मी त्याचा कप उचलून ओट्यावर ठेवला. माझं उत्तर त्याला नकोच होतं. नऊ वर्षं त्याला ते माहीत होतं.

उठताना म्हणाला, "ओर्सोलाला सांगू नकोस. भित्रा का होईना, एक भाऊ आहे असं तिला वाटतं. तेवढा तिला राहू दे."

मग नळाच्या तोंडावर अंगठा धरून उभा राहिला, तसाच डोळे मिटून. गळत नाही म्हणाला आणि गेला. तो नळ अजून आहे.

मी त्याचं ऐकलं, पण तुझ्यासाठी नव्हे. मला ते सोयीचं होतं म्हणून चौदा वर्षं गप्प राहिलो. त्याने तुझा भाऊ वाचवला आणि त्या आडोशाला मी बसून राहिलो. आता तो नाही, आणि तू त्याच्याच पत्रकावर माझं नाव घालायला निघाली आहेस. हे न सांगता मी हो म्हणालो असतो, तर ती माझी दुसरी यादी झाली असती.

छापखाना बुधवारी, सतरा तारखेला दुपारपर्यंतच मजकूर घेतो, असं नीवेस म्हणाली. म्हणजे तुझ्या हातात थोडे दिवस आहेत. फोन करू नकोस, मला फोनवर तुझं गप्प राहणं सोसणार नाही. पत्रक भिंतीवर लागलं की मी येऊन वाचेन. नाव नसलं तर मी वीस तारखेच्या प्रार्थनेला चर्चच्या दाराशी, तीर्थाच्या भांड्याजवळ उभा राहीन, जागा माझ्या ओळखीची झाली आहे. तुझ्याकडे बघून मान हलवणार नाही, तुला अवघडल्यासारखं व्हायला नको. चेस्टनट तोवर तसेच ठेवतो.

आणि नाव लिहायचंच झालं, तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे: मागे इंजिनियर नको, किताब नको. त्याच्या बहिणींच्या खाली, सगळ्यात शेवटी लिही. पहिल्या ओळीत माझ्या हाताने त्याचं नाव एकदा लिहून झालं आहे.

तुझा, तू म्हणशील तर भाऊ,
फौस्तीनो