सीटमागचा नारळ

रविवार, संध्याकाळ

सहा वर्षं शेडमध्ये बांधलेलं माझं विमान आज पहिल्यांदा धावपट्टीवर पळवलं. चाकं जमिनीवरून सुटली न सुटली, तोच सीटमागे धाडकन आवाज. वाटलं, शेपटी गेली. झटकन खाली घेतलं. मागे बघतो तर नारळ. पंखांचा सांगाडा करणाऱ्या भाऊ मेस्त्रींनी देवाला गाऱ्हाणं घालून गुपचूप ठेवलेला. आयुष्यभर होड्या बांधलेला माणूस, नारळाशिवाय काही सोडणार नाही. मी वाट्टेल ते बोललो. सुटा नारळ, तोही कंट्रोलच्या तारांशेजारी. बोलायलाच हवं होतं ना? पण एवढं?

भाऊ शांतपणे म्हणाले, “नाक वर झाल्याशिवाय नारळ मागे गडगडलो कसो? उडलस मां रे?”

रागात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

नारळ टेबलावर ठेवलाय. उद्या पट्ट्याने बांधून नेईन.