विहीणबाईंशी हातढकल

तीर्थरूप देशानदादास,

धाकट्या रूलानचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरताच. माझे गुडघे सध्या वाकत नाहीत आणि वाकले तर उठत नाहीत, तेव्हा नमस्कार उभ्यानेच केला असं समज.) इकडे सर्व ठीक. तुझा खोकला, वहिनींचं पित्त आणि शेनयांगचा गारठा हे तिन्ही एव्हाना आटोक्यात आले असतील अशी आशा आहे. लसूण काढून झाला, गहू कापणीला आला, कोनफळांचे वेल काठ्यांवर चढू लागले. आमचे हे बरे आहेत, म्हणजे पूर्वी जेवढे बरे होते तेवढेच. पत्र लिहायचं कारण असं की फोनवर मी मुद्द्याला हात घातला की तुझा आवाज तुटायला लागतो. कागदावर ती सोय नाही. तेव्हा चहा संपवून घे आणि शेवटपर्यंत वाच.

नववर्षाच्या सुट्टीत तू तिकडे आपल्या मिन्याचं लग्न जमवलंस, त्याबद्दल आम्ही दोघं जन्मभर तुझे उपकार मानू. हे आधीच लिहून टाकते, पुढे लिहायची इच्छा राहील न राहील. बोवेन मुलगा गुणी आहे, मामाने भाचीसाठी याहून चांगलं काय बघायचं? पण ठरल्यानंतरच्या जेवणात, ज्वारीच्या दारूचे किती पेले पोटात गेल्यावर कोण जाणे, तू त्याच्या आईला जे सांगितलंस ते मला मिन्याकडून कळलं. म्हणे, आमची रूलान फानच्वांगची लेक. आमच्या गावात कोंबड्यासुद्धा ताइचीच्या चालीने चालतात. रूलानने तर एकदा बिथरलेला बैल नुसता तळहात पुढे करून थांबवला होता. (बैल थांबला होता हे खरं आहे. माझ्या तळहातावर कोबी होता.) आता तुला ठाऊक नसेल असं नाही, पण या तोंगबाई शाळेत कसरतीच्या शिक्षिका होत्या आणि निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे बागेत ताइची करतात, मागे पन्नासेक माणसांचा जथा घेऊन. दुसऱ्याच दिवशी त्यांचा मला फोन. गहू कापणीच्या आधी येतो, तुमचं घर बघतो, आणि विहीणबाई, तेव्हा आपण दोघी ताइचीची हातढकल करू!

दादा, आजोबांनी मला ताइचीची एक हालचालसुद्धा शिकवली नाही. मुलगी परक्या घरी जाणार, घरची विद्या पदरात बांधून नेणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी शिकवलं तुला (तू मागच्या भिंतीवरून उडी टाकून पळायचास, आणि तेवढी एक उडी मात्र तुला उत्तम जमायची) आणि शिकवलं धाकट्या काकूंना, कारण सून घरातच राहणार. मी अंगणाच्या कडेला शेंगा सोलत बसायची. त्यामुळे तोंगबाईंना मी तिथल्या तिथे सांगणारच होते की बाई, हे सगळं थापाड्या भावाचं काम आहे. पण त्या मध्येच म्हणाल्या, "फान घराण्याच्या लेकीशी बोलायला मिळालं, भाग्य माझं." आणि मी एवढंच म्हटलं, या. लग्नाआधी मी परक्या घरची होणार होते, लग्नानंतर कांगांची झाले. फान घराण्याची असं मला उभ्या जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. फोन ठेवला आणि मनाशी ठरवलं, की दादाने थाप मारली आहे ना, मग आता ती जेवढी खरी करता येईल तेवढी मी करणार.

दुसऱ्या दिवशी तीनचाकी गाडी काढली आणि माहेरी काकूंकडे गेले. काकू आता ऐंशीच्या पुढे गेल्या. वजन म्हणशील तर वाळलेल्या कडब्याच्या पेंढीएवढं, जीभ मात्र पूर्वीचीच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "देशान लहानपणी काम टाळायचा, आता थापा मारतो. म्हणजे प्रगती आहे." मग मला अंगणात उभं केलं. पायांत खांद्यांएवढं अंतर, गुडघे जरासे वाकवलेले, हात असे की समोर पाण्याचा मोठा रांजण आहे आणि त्याला मिठी मारली आहे. बस्स. शिकवणी सुरू झाली आणि संपली. मी उभी, काकू स्टुलावर. माझ्या मांड्या थरथरायला लागल्या की त्या शांतपणे म्हणायच्या, "खांदे कानाजवळ नेऊन काय ऐकतेस? सोड." मी खांदे सोडले की पोट आवळलं जायचं. "पोट सोड." पोट सोडलं की दात. "दात कशाला खातेस? सोड." हिवाळा सरेपर्यंत मला एवढा एकच शब्द ऐकू आला. एके दिवशी चिडून मी म्हटलं, काकू, सोड सोड काय? लहानपणी शाळा सोडली, लग्नात आईबापाचं घर सोडलं, आता मुलगी सोडते आहे, आणखी काय सोडू? काकू म्हणाल्या, "ते सगळं सोडलं नाहीस. धरून उभी आहेस, म्हणून तर पाय कापताहेत." मी पुन्हा उभी राहिले.

उभं राहणं जरा जमल्यावर चालणं आलं. एका पायावर सगळा भार, दुसरा रिकाम्या पोत्यासारखा, आणि मग भार इकडून तिकडे असा न्यायचा की काठोकाठ भरलेलं भांडं हिंदकळू नये. आता मला घरची कामं टाकून हे करायला वेळ कुठला, म्हणून मी कामातच सराव करायला लागले. एकदा बाजारात भाजीवाल्याच्या रांगेत एक पाय भरून दुसरा रिकामा करून, नजर सैल सोडून, श्वास खाली नेत उभी होते. शेजारच्या लुओबाईंना वाटलं मला झटका आला. त्यांनी आरडाओरडा केला, दोघांनी मला आडवं केलं, कोणीतरी झटक्यावरचा उपाय म्हणून सुईने बोटं टोचली, आणि आमचे हे दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन धावत आले. मी सांगतेय की मला काही झालेलं नाही, मी भार बदलत होते. डॉक्टर यांना म्हणाले, "बोलणं असंबद्ध आहे." (तेव्हापासून हे मला बाजारात एकटीला सोडत नाहीत. त्यामुळे पिशव्या उचलायची आपोआप सोय झाली.) दुसऱ्यांदा तालुक्याच्या बसमध्ये. दांडी न धरता उभं राहायचं, बस हलली तरी मूळ हलू द्यायचं नाही, असा पण केला होता. तीन थांबे अगदी वडासारखी उभी होते. मग ड्रायव्हरने शेळी वाचवायला ब्रेक मारला आणि मी एका म्हाताऱ्या मास्तरांच्या मांडीवर. मांडीवर आधीच अंड्यांची टोपली होती. अंडी त्यांची, पँट माझी. मास्तर फार सज्जन. एवढंच म्हणाले, "बाई, दांडी सरकारने बसवली आहे, वापरत जा."

वसंतात काकूंनी हातढकल सुरू केली. मनगटाला मनगट लावायचं, गोल गोल फिरवायचं, आणि ज्याचा पाय आधी हलेल तो हरला. दादा, तू म्हणशील त्या पेंढीला ढकलायला काय लागतं. मी ढकलायची तिथे काकू नसायच्याच! दार उघडं आहे हे माहीत नसताना खांद्याने रेटावं तसं व्हायचं, आणि मी कांद्याच्या वाफ्यात. काकू हात झटकून म्हणायच्या, "कांदे पुरे झाले, ये." एकदा पाठोपाठ पडल्यावर मला रडू फुटलं. तेव्हा त्यांनी मला बसवलं, कोमट पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तू मला ढकलतच नाहीस. तू तुझ्या आजोबांना ढकलतेस. ते मेले, आता कोणी ढकलून हलायचे नाहीत. माझं मनगट ऐक. मी कुठे जाणार आहे ते ते आधी सांगतं." मी डोळे पुसले आणि पुन्हा मनगट लावलं. त्या दिवशीही वाफ्यातच गेले, पण कुठे जाणार हे मला जाण्याआधी कळलं. घरी येताना गाडी चालवत मी मोठमोठ्याने गात होते. पावसातही गेले, ताप असताना गेले. हे म्हणाले, अगं, एका विहिणीसाठी इतकं? मी म्हटलं, विहीण निमित्त आहे. तुम्ही गाडी चार्जिंगला लावा.

आणि पाहुणे आले. तोंगबाई दारातून आत येताना दार भरून गेलं. पांढरा रेशमी कसरतीचा सदरा-पायजमा, केस मागे घट्ट, आवाज मैदानावरचा. त्यांचे यजमान मागे सामान घेऊन, बोवेन आणि मिन्या त्यांच्याही मागे, आणि कुंपणाभोवती अख्खं गाव. मला बघताच बाई कमरेत वाकल्या. मला ते बघवेना. मी सगळ्यांदेखत स्वच्छ सांगून टाकलं, की विहीणबाई, दादाने सांगितलं ते साफ खोटं आहे, मी नववर्षानंतर शिकायला लागले, मला काही येत नाही. तोंगबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरे उस्ताद असंच बोलतात," त्या यजमानांना म्हणाल्या. मदतीला हे धावले, "अहो, खरंच तिला काही येत नाही, नवरा आहे मी." बाई आणखी खाली वाकल्या, "बघा! घरच्यांनासुद्धा पत्ता लागू दिला नाही."

मग काय, मनगट लावलं. बाईंचा हात म्हणजे दगडी चौकट. पहिल्याच फेरीत मी वाळत घातलेल्या लसणावर जाऊन पडले. त्यांनी मला उठवलं आणि हळूच म्हणाल्या, "पाहुण्याचा मान राखलात, समजलं मला." दुसऱ्या फेरीत पुन्हा लसूण. आता लोक हसायला लागले, मिन्या खाली मान घालून उभी, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. दात आवळले गेले, खांदे वर चढले. काकूंना मी सकाळीच गाडीतून आणलं होतं; त्या स्टुलावर बसून होत्या, एवढंच म्हणाल्या, "रूलान." सोड म्हणाल्यासुद्धा नाहीत. मी सगळं सोडलं. आजोबा सोडले, गाव सोडलं, कुंपणावरचे दात सोडले. आणि मग मला मनगटातून ऐकू आलं. दादा, ते मोठं चौकटीसारखं मनगट आतून सशासारखं थरथरत होतं. तेवढ्यात त्यांनी रेटा दिला. मी नव्हतेच तिथे. बाई माझ्या बाजूने सुसाट पुढे निघाल्या, समोर दगडी पाटा. त्यांना जाऊ दिलं असतं तर मी जिंकले असते. मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली (रांजणाचा सराव होताच) आणि आम्ही दोघी फतकल मारून लसणात बसलो.

बाई उठेनात. माझ्या कानाशी आल्या आणि पहिल्यांदाच मैदानाबाहेरच्या आवाजात बोलल्या, "खरं सांगा, कधीपासून शिकताय?"

"नववर्षापासून. तुमच्यामुळेच."

"म्हणजे तुम्ही मघाशी बोललात ते..."

"अक्षर न् अक्षर खरं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागल्या, इतक्या की रेशमावर लसणाची साल चिकटत गेली तरी थांबेनात. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मेलं, मला वाटलं इतक्या मोठ्या घराण्याची मुलगी सून म्हणून येतेय, तिची आई मला एका बोटाने उडवणार, आणि मग जन्मभर माझ्याच घरात माझं कोण ऐकणार? इथे यायच्या आदल्या रात्रीपासून घास गिळला नाही हो मी." मी म्हटलं, मग आधी जेवू या. कोनफळ घालून फासळ्यांचा रस्सा केला होता. पण काकू मध्ये आल्या. तोंगबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ताकद बैलाची आहे. कान नाहीत. उभी राहा." आणि बागेतल्या पन्नास माणसांच्या त्या गुरू, रेशमी कपड्यांसकट, माझ्या शेजारी न दिसणाऱ्या रांजणाला मिठी मारून उभ्या राहिल्या. मीही राहिले. रस्सा गार झाला. काकू म्हणत होत्या, "दोघी विहिणी, सोडा." आणि मिन्या दारात उभी राहून हसत हसत रडत होती.

ते गेले. लग्न शरदातल्या सुट्टीत पक्कं. आता शिकणं थांबव, काम झालं, असं हे म्हणतात. मी थांबणार नाही. उद्याही पहाटे काकूंकडे जायचं आहे. आजोबांनी जे माझ्यासमोर दुसऱ्यांना दिलं आणि मला दिलं नाही, ते मी एकेक करून उचलून आणणार, कांद्याच्या वाफ्यातून आणावं लागलं तरी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
रूलान फान
(हो, फानच लिहिलं आहे.)

ता. क. लग्नाला तू आणि वहिनी आठवडाभर आधी या. कोनफळं खणायचे दिवस आहेत आणि माणूस मिळत नाही.

आणखी एक ता. क. खरं म्हणजे पत्र याच्याचसाठी लिहायला घेतलं. निघताना तोंगबाईंनी विचारलं, की मग तुमच्या दादांनी खोटं का सांगितलं? आता मुलीच्या सासरच्यांसमोर सख्ख्या भावाला थापाड्या कसं म्हणू? म्हणून मी सांगितलं, की दादा स्वभावाने भिडस्त, स्वतःचं झाकायला त्याने माझं नाव पुढे केलं, आजोबांची सगळी विद्या एकट्या त्याच्याकडे आहे. बाईंना ते लगेच पटलं. म्हणाल्या, तरीच त्या रात्री ते खुर्चीवरून इतक्या सैलपणे खाली सरकले. येत्या रविवारी पहाटे त्या अख्खी बाग घेऊन तुझ्या अंगणात येत आहेत, हातढकलीला. तू खुशाल खरं सांग. मी सांगून पाहिलं आहे, त्याने लोक आणखी खाली वाकतात.

शेवटचा ता. क. काकूंचा निरोप: हे पत्र बसून वाचत असशील तर ऊठ. पायांत खांद्यांएवढं अंतर.