साखरभात वाढला

मी, त्रिंबक सखाराम कर्णिक, वय वर्षे अडुसष्ट, पूर्वी मामलेदार कचेरीत कारकून व हल्ली पेन्शनीवर, राहणार पारनाका, कल्याण, हा लेख कोणाच्या भिडेने वा धाकाने नव्हे तर आपल्या राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, परंतु मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहावयाचे नसते.

कलम पहिले. विठ्ठलवाडीकडील भातशेत माझ्या कमाईचे आहे. ते माझा पुतण्या परशुराम याने घ्यावे. त्याने व त्याची बायको शेवंती हिने माझे म्हातारपण सांभाळले. शेवंतीची आमटी पातळ असते, पण दोन्ही वेळा ऊन असते, आणि ह्या वयात ऊन आमटीची किंमत मला कळली आहे.

कलम दुसरे. शेजारी भाऊ फणसे यांस माझी छत्री द्यावी. ती गळते. गेली एकवीस वर्षे कोणाच्याही लग्नात हा गृहस्थ मला गाठून "काय कर्णिक, भात वाढला का?" असे विचारीत आला आहे. का विचारतो ते पुढे येईल. भर पावसात त्याला माझी आठवण व्हावी, एवढीच इच्छा.

कलम तिसरे. पारनाक्याचे राहते घर, परसातील विहीर व आतील भांडीकुंडी यांसह, माझी एकुलती मुलगी मालन, जिला सासरी उत्तरा म्हणतात, रघुनाथराव दिघे यांची पत्नी, वस्ती ठाणे, हिला मी देत आहे. पुतण्या असता घर मुलीला का, असे लोक विचारतील. म्हणून कारण सविस्तर लिहितो.

मालनच्या लग्नात विहिणीच्या पंगतीचा साखरभात मी स्वतः केला होता. आचारी होते, पण साखरभात मी दुसऱ्याच्या हाती कधी दिला नाही. आगगाडी झाल्यापासून वऱ्हाडाला अंत उरलेला नाही. ठाण्याहून दुपारच्या गाडीने आणखी माणसे उतरली आणि पंगत लांबली. मी माजघराच्या दारात उभा होतो. माझी थोरली बहीण, आक्का, वाढपावर होती. तिला मी विचारले, "आक्का, विहीणबाईंना साखरभात?"

ती म्हणाली, "वाढला."

आमच्याकडे मंगलकार्यात तांदूळ संपत नाहीत, वाढतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. आक्काला सांगावयाचे होते की पातेले रिकामे झाले, आता काय करू. मी समजलो, पानात पडला. मी हात जोडून पंगतीत गेलो आणि विहीणबाईंना मोठ्या आवाजात म्हणालो, "साखरभात कसा झालाय? संकोच करू नका, मागून घ्या."

त्यांच्या पानात एक शीतही नव्हते.

शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. विहीणबाईंना वाटले, मुलीचा बाप चारचौघींत थट्टा करतो आहे. त्या पानावरून उठल्या, हातावर पाणी घेतले आणि बोलल्या, "कुलदेवीची आण घेऊन सांगते. माझी सून पुन्हा आपल्या बापाच्या घराचा उंबरा ओलांडायची नाही." आणि पाणी सोडले. मी पायांवर डोके ठेवले. आक्का रडून रडून शब्दाचा अर्थ सांगत राहिली. कोणी ऐकले नाही.

मालन तेव्हा अकरा वर्षांची होती. ती पुन्हा घरी आली नाही. पहिल्या मंगळागौरीला नाही, बाळंतपणाला नाही. तिची आई गेली तेव्हा निरोप घेऊन माणूस गेला. पोरीने ठाण्याला अंघोळ केली आणि तिथेच बसली. जावई भला आहे, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. आक्काशी मी वर्षानुवर्षे बोललो नाही. बिचारीने अशुभ शब्द टाळला, एवढेच केले होते. ती गेली आणि माझे बोलणे माझ्यापाशीच राहिले. याचे फार वाईट वाटते.

गेल्या शिवरात्रीला ठाण्यास कोपिनेश्वराच्या देवळात मालन भेटली. तिच्या केसांत पांढरे दिसले. ती म्हणाली, "बाबा, साखरभात करता का अजून?"

"नाही करीत."

"मला एकदा आपल्या ओटीवर बसायचं आहे. बाकी काही नको. कोणी आहे का आत, म्हणून नुसतं ओरडायचं आणि बसायचं." मग सासूबाई वाट बघत असतील म्हणून ती गेली.

परत आल्यावर मला एक युक्ती सुचली. आण बापाच्या घराची आहे. घरच बापाचे नसले तर? परशुरामाला ठाण्यास पाठवून विहीणबाईंना पुसवले की, घर आजच सुनेच्या नावे करून दिले तर ती येईल काय. बाई शब्दाला पक्की. म्हणाली, "कागदाने घर बदलत नाही. बाप जिथे राहतो ते बापाचं घर, मग ते कुणाच्याही नावावर असो. तो नसला की घर तिचं. तिच्या घरी तिला मी कोण अडवणार?" दुसरीकडे बिऱ्हाड केले तरी तेच; मी जेथे जाईन तेथे ती यावयाची नाही. एका शब्दाने माझी मुलगी नेली, आणि ह्या बाईने आपल्याच शब्दात एवढी एक फट ठेवली आहे. म्हणून घर मालनला.

कलम चौथे. माझे तेरावे उरकल्यावर परशुरामाने स्वतः जाऊन मालनला आणावे. त्या दिवशी शेवंतीने साखरभात करावा. तिने कधी केला नाही, म्हणून कृती लिहितो. आंबेमोहर जुना घ्यावा. धुऊन फडक्यावर निथळत ठेवावा, मग तुपात लवंगा टाकून त्यावर परतावा आणि आधणात मोकळा पण पुरता शिजवावा. कच्चा ठेवू नये. पाकात पडल्यावर तांदूळ पुढे शिजत नाही, उलट ताठतो. परातीत निववावा. एकतारी पाकात लिंबू पिळावे, दुधात खललेले केशर घालावे. बेदाणे तुपात टपोरे फुगले की लगेच काढावेत, क्षणभर राहिले तर कडवट होतात. बदाम सोलून उभे चिरावेत. पिस्ते, चारोळी, सुक्या खोबऱ्याचे काप यांत हात आखडू नये. भात व पाक एकत्र करून झाकणावर निखारे ठेवावेत आणि वेलची अगदी शेवटी. मालनला लहानपणी बेदाणे आवडत नसत, ती वेचून माझ्या पानात टाकी. आता आवडतात की नाही, मला ठाऊक नाही. तिला विचारून घालावे.

पातेले मोठे घ्यावे. वाढताना तिच्या पानाकडे बघून वाढावे, कोणाला विचारू नये.

कलम पाचवे व शेवटचे. मालन ओटीवर बसून हाक मारील तेव्हा शेवंतीने आतून ओ द्यावी. त्या दिवशी घरात कोणी डोळ्यांना पदर लावून तिला "आज बाबा असायला हवे होते" असे म्हणू नये. मी असतो तर ती आली नसती.

हा लेख मी वाचून पाहिला, साक्षीदारांसमक्ष सही केली.

त्रिंबक सखाराम कर्णिक, दस्तुर खुद्द

साक्षीदार:
१. सहदेव विठोबा गुप्ते, वस्ती कल्याण
२. बाळ नारायण चित्रे, वस्ती ठाकुर्ली

मुक्काम कल्याण, मार्गशीर्ष वद्य पंचमी शके १८११, गुरुवार, तारीख १२ डिसेंबर सन १८८९.