शेवटच्या रांगेतला प्रश्न

येरवडा, पुणे
१२ जानेवारी २०२५

चि. दीक्षा हिस,
सप्रेम जयभीम.

इकडे थंडी बरी आहे. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, पण सकाळचं फिरणं तिने सोडलेलं नाही. माझी तब्येत ठीक आहे.

ठीक आहे म्हणजे आता ठीक आहे. सप्टेंबरात मला हार्ट अटॅक आला होता. एक स्टेंट टाकला. तुला कळवायचं नाही, असं आईला मीच बजावलं होतं. तिच्यावर रागावू नकोस. दोन वर्षांपूर्वी तू सरकारी नोकरी सोडून संशोधनाला निघालीस, तेव्हा "परत या घरात येऊ नकोस" म्हणणारा मी. आता कोणत्या तोंडाने बोलावणार होतो?

मागच्या शनिवारी हृदयरुग्णांसाठी तुझं व्याख्यान झालं. मी आलो होतो. तोंडावर मास्क, शेवटची रांग.

तीस वर्षं महापालिकेत नळ जोडले. कचरा काढला की पाइप मोकळा, एवढंच मला ठाऊक. म्हणून महिनाभर एक गोळी मी बंद केली होती. ती घेतली की हातावर काळेनिळे डाग पडायचे. आईलाही सांगितलं नव्हतं. शेवटी उठून तुलाच विचारलं, "स्टेंट टाकून रस्ता मोकळा झाला, मग गोळ्या कशाला?"

तू शेवटच्या रांगेकडे नीट पाहिलंस. मग म्हणालीस, "काका, रक्तवाहिनी लोखंडी नसते. तिचं आतलं अस्तर जिवंत असतं. झटका येऊन गेल्यावर इतर वाहिन्यांचं अस्तरही चिकट होतं, असं आमच्या प्रयोगांत दिसतंय. रक्तातल्या प्लेटलेट्स तिथे चिकटतात, एकीवर दुसरी येऊन बसते आणि गुठळी होते. गोळ्या तेच थोपवतात. आपण एखादी गोळी बंद केली आहे का?"

मी होकाराची मान हलवली.

"मग आजच डॉक्टरांकडे जा. डाग पडतात तेही सांगा. उद्यावर टाकू नका."

तसाच गेलो. डॉक्टर पुष्कळ बोलले. डागांसाठी रक्त तपासलं, गोळी त्याच दिवशी सुरू केली. "वेळेवर आलात. कोणी पाठवलं?" म्हणाले. "व्याख्यान ऐकलं," एवढंच सांगितलं.

दीक्षा, ही गोष्ट डॉक्टरांनीही मला समजावली होती. मी नुसती मान डोलावली होती. तुझ्याकडून ऐकली आणि पटली. दोनशे माणसं चिडीचूप बसली होती. नोकरी सोडून तू काय मिळवलंस, ते मी समोर पाहिलं. मी चुकलो होतो. हे फोनवर म्हणायला जमलं नाही, म्हणून लिहितोय.

तू माझा आवाज ओळखलास की नाही, माहीत नाही. ओळखला असशील तर सगळ्यांसमोर माझी लाज राखलीस.

सभागृहात शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले, "पोरगी कुणाची हो? फार हुशार आहे." मला उत्तर देता आलं नाही. आज खाली लिहून देतो.

घरी ये.

दीक्षाचा बाप,
सीताराम