हिप्पोची चिकटलेली पानं

ठमे,

बाइंडिंगच्या कामाला लवकर निघालोय. दूध तापवून ठेवलंय.

काल तू लेकीला तुझं जुनं हिप्पोचं पुस्तक वाचून दाखवलंस. शेवटची दोन पानं चिकटलेली पाहून माझ्या बाइंडिंगला नावं ठेवलीस. अगं, ती मीच मुद्दाम खळ लावून चिकटवली होती, तुझी आई घर सोडून गेली त्या आठवड्यात. आत हिप्पोची आई परत येते आणि धपकन टबात बसून सगळं पाणी सांडते. तू रोज विचारायचीस, "पुढे काय?" मी म्हणायचो, "हिप्पो बाबांच्या ढेरीवर झोपला." मग तूही तिथेच लुडकायचीस.

किटलीच्या वाफेवर धर, पानं सुटतील. लेकीला खरा शेवट वाचून दाखव. फक्त मी घरी यायच्या आत.

बाबा