आठ खुर्च्यांचे ग्रीक पाय

बाथ, ४ मार्च १७८४
लेडी एव्हरिल यांच्या जेवणाच्या दालनासाठी आठ खुर्च्यांची ऑर्डर. नव्या ग्रीक फॅशनमध्ये. अख्ख्या बाथमध्ये ग्रीक कळणारा सुतार मीच, हे बाईंनी बरोबर ओळखलं. बाकीचे अजून खुर्च्यांच्या पायांना सिंहाचे पंजे कोरतायत. जेवायला बसायचंय की शिकारीला जायचंय?

५ मार्च
ड्रॉइंग तयार. पाठ ढालीसारखी, पुढचे पाय सरळ आणि खाली निमुळते. आमचा फोरमन ऑबडाया क्रिक बराच वेळ बघत राहिला. वीस वर्षं माझ्याकडे आहे, पण नजर अजून सुताराचीच. म्हणाला, "मालक, पाय फार बारीक होतायत." म्हटलं, ग्रीक लोक असेच बसायचे. तर म्हणतो, "बाईसाहेबांकडे जेवायला येणारी मंडळी ग्रीक नाहीत, मालक. इथली, सॉमरसेटची, खात्यापित्या घरची आहेत."
उद्यापासून क्रिकशी कलेवर बोलायचं नाही.

६ मार्च
बोललो. सौंदर्य म्हणजे काय ते तासभर समजावलं. तो रंधा मारत होता.

२२ मार्च, दुपार
आठही उभ्या राहिल्या. काय डौल! बायकोला म्हटलं, बस. हेस्टर म्हणाली, "आधी तुम्ही बसा."
बसलो. कर्रर्र आवाज आला. हवा दमट आहे.
हेस्टर आणि क्रिकने एकमेकांकडे पाहिलं. अडाण्यांना हवेतलं काय कळतंय!

२५ मार्च
ब्रिस्टलला लाकूड बघायला आलो आणि पायाच्या अंगठ्याला गाउटचा ठणका. एका सराईत पडून आहे. इथल्या पलंगाचे खांब म्हणजे नुसते झाडाचे बुंधे. सराईवाल्याला तसं स्पष्ट सांगितलं. त्याने सूप पाठवणं बंद केलं.

५ एप्रिल
घरी. माझ्यामागे खुर्च्यांना वॉर्निश लागलंय. पाय जरा भरल्यासारखे वाटले. चांगलं वॉर्निश लाकडाला तेजाबरोबर बाळसंही देतं.

१२ एप्रिल
विजय! बाईंच्या मेजवानीला मला खास बोलावणं. (खुर्च्या पोचवायला कुणीतरी लागणारच होतं.) एक निवृत्त ॲडमिरल, वजनाने दोन माणसांचे, धपकन बसले, मागे रेलले, वर पोट धरून हसले. खुर्चीने हूं की चूं केलं नाही. मी पाहुण्यांना सांगितलं, ताकद जाडीत नसते, प्रमाणात असते. घरी येऊन क्रिकलाही सांगितलं. "हो, मालक," म्हणाला.
बाईंना आणखी एक हवी आहे. ही मी एकटा करणार, माझ्या ड्रॉइंगबरहुकूम. हे ऐकून क्रिकचा चेहरा पडला. मत्सर, दुसरं काय?

३० एप्रिल
नववी रवाना. हेस्टर आठवडाभर मागे लागली होती, "अहो, क्रिकला करू द्या ना." आज म्हणे तिचं डोकं दुखतंय. महान माणसांच्या बायकांची डोकी दुखतातच.

९ मे
बाईंचं पत्र. नवव्या खुर्चीवर एक रेव्हरंड बसले आणि सूपसकट टेबलाखाली गेले. मनगट मुरगळलं. 'आधीच्या आठ ज्याने केल्या, त्यालाच पाठवा. नाहीतर ड्रॉइंग रूमचं सगळं काम मी लंडनला देते.'
म्हटलं, निघतोच. क्रिकला हॅट आणायला सांगितली. तो जमिनीकडे बघत राहिला.
हेस्टर म्हणाली, "अहो, जरा बसा." मग म्हणाली, "तुम्ही ब्रिस्टलला होतात ना, तेव्हा क्रिकने पुढचे सोळाच्या सोळा पाय बदलून जाड बसवले. मीच सांगितलं त्याला. वॉर्निश मी लावलं."
मला न सांगता?
"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"
विचार केला. बराच वेळ केला. नसतं ऐकलं.

१० मे, सकाळ
क्रिक बाईंकडे गेलाय. त्याची हॅट जुनाट होती, म्हणून माझी दिली. डोक्यावर व्यवस्थित बसली.
जाताना म्हणाला, "मालक, तेवढा चुलीवरचा सरस ढवळत राहा. खाली लागेल."
ढवळतोय.