अठ्ठावीस तारखेपर्यंत

६ फेब्रुवारी

वकिलाकडे जाऊन आलो. शाळेतला मित्र, म्हणून फी नाही. चहाचे पैसे मात्र मीच दिले. चष्म्याच्या दुकानासाठी ताईकडून घेतलेल्या पैशांचं विचारलं. सहज, माहितीसाठी विचारतोय असा आव आणला. तो हसला. "उसन्या पैशांचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. तिने दिले कधी?" या अठ्ठावीस फेब्रुवारीला तीन वर्षं पुरी होतील. "मग तेवढे दिवस कळ काढ की!"

७ फेब्रुवारी

देणं आहे असं कुठेही लिहून द्यायचं नाही. मेसेजमध्येसुद्धा नाही. लिहिलं की त्या दिवसापासून तीन वर्षं पुन्हा सुरू. थोडे पैसे परत केले तरी तेच.

बँकेत पैसे आहेत. काच घासायचं दुसरं यंत्र घ्यायला ठेवलेत. त्यातला छदामही बहिणीला द्यायचा नाही — आणि हे मला जड गेलं नाही.

इथे वहीत लिहिलेलं चालतं का, विचारायचं राहिलं. सही करत नाही.

१२ फेब्रुवारी

ताईचा फोन. ही म्हणाली, "वाजतोय. तुम्ही घेताय की मी घेऊ?" मी अंघोळीला गेलो. दुसऱ्यांदा!

१३ फेब्रुवारी

ताईचा मेसेज — "दुकान बरं चाललंय ना?" 'हो' लिहिलं. पुसलं. नुसता अंगठा पाठवला. मग वकिलाला फोन करून विचारलं, अंगठा म्हणजे कबुली होते का? "डोकं फिरलंय का तुझं?"

२१ फेब्रुवारी

ताई घरी आली. न कळवता. भाच्याने कोपऱ्यावर सोडलं, म्हणाली. आता मागणार, वाटलं.

"काय रे, केवढा वाळलास!" मग तिचे गुडघे, गळकी टाकी, शेजारणीचं भांडण. तिच्या चष्म्याची दांडी लोंबत होती. "चष्मेवाल्याची बहीण अशी फिरते. लोक मला नाही, तुला हसतील." दांडी घट्ट करून दिली. फुकट केलं याचं मला बरं वाटलं. फुकट!

दारात चपला घालताना थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

"झोप लागते ना नीट?"

एवढंच. गेली.

ती जिना उतरेपर्यंत मी दाराला टेकून उभा. बिचारीला मुदतीचं काही ठाऊकच नाही! सुटल्यासारखं वाटलं. मग आत येऊन तिचा रिकामा कप मीच विसळला. हिने विचारलं, आज काय विशेष?

२८ फेब्रुवारी

जेवलो नाही. पित्त झालंय, असं हिला सांगितलं.

१ मार्च

वकिलाचा फोन. "अभिनंदन! आता ती कोर्टात मागू शकत नाही. देणं तसंच आहे हं — स्वतःहून द्यायचं तर आजही देऊ शकतोस." हसला. मीही हसलो.

दुपारी यंत्राची आगाऊ रक्कम भरली.

४ मार्च

भाच्याचा फोन. "मामा, आलास का परगावाहून?" मला काही कळेना. "मुदतीचं सगळं आईला नीट समजावलं होतं. तुझ्याकडून एक ओळ लिहून आण म्हणून मीच तिला तुझ्या कोपऱ्यावर सोडलं. तू गावाला गेलायस म्हणाली, हात हलवत परत आली. गेली मुदत! आलास कधी तू?"

"कालच," म्हणालो.